नमक कोणाचे?

क्रांती चौकातून आम्ही दिवसातून दोनदा जातो. वर उड्डाणपूल, खाली सिग्नलला खोळंबलेल्या रिक्षा, आणि मध्ये उंच चौथऱ्यावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. हा नवा पुतळा २०२२ साली उभा राहिला. शहरात मोर्चा कोणाचाही असो, तो इथून निघतो नाहीतर इथे येऊन थांबतो. पगारासाठी, अनुदानासाठी आम्ही शिक्षकही इथल्या उन्हात बसलेलो आहोत. या जागेचे एक जुने नाव आहे, ते आता बहुधा म्हातारी माणसेच घेतात : काला चबुतरा.

१८५७ सालच्या जूनमधली गोष्ट. हैदराबाद कंटिंजंट म्हणून एक फौज होती. नाव निजामाचे, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिच्या घोडदळाचा पहिला रिसाला मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, इथल्या छावणीत आणलेला होता. मेरठच्या शिपायांनी दिल्लीत जाऊन म्हाताऱ्या बहादूरशहा जफरला पुन्हा बादशहा म्हणून उभे केले आहे, ही बातमी इथवर पोचली होती. आता आपल्याला त्याच बादशहाशी लढायला नेणार, अशी कुजबूज सुरू झाली आणि रिसाल्याने सांगून टाकले, आम्ही जाणार नाही. मग जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. मीर फिदा अली नावाच्या दफेदाराने आपल्या कप्तानावर गोळी झाडली, ती लागली नाही, तो फासावर गेला. बाकीच्यांपैकी कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. त्या शिक्षांची आठवण या चबुतऱ्याला चिकटून राहिली आहे.

गुन्हा कोणता? आपल्या बोलीत त्याला एकच शब्द आहे, नमकहरामी. खाल्ल्या मिठाला जागले नाहीत. पण मीठ कोणाचे होते? पगार वाटणारा हात इंग्रजाचा. तो पैसा वऱ्हाडच्या महसुलातला, आणि वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ च्या तहाने याच फौजेच्या खर्चासाठी निजामाकडून आपल्या ताब्यात घेतलेले. निजामाचे घराणे मुळात दिल्लीच्या बादशहाने नेमलेल्या सुभेदाराचे. म्हणजे शिपाई ज्याच्याविरुद्ध जायला नकार देत होता, तोच या उतरंडीत कागदोपत्री सर्वांत वरचा धनी. आणि सगळ्यांत खाली, ज्याच्या घामातून हे मीठ निघत होते तो वऱ्हाडातला शेतकरी. त्याला तर कोणी विचारतच नाही. मिठाचा हिशेब लावायला बसले की असा गुंता होतो. तो गुंता शिपायाने सोडवायचा नसतो, एवढेच त्याला कवायतीत शिकवलेले असते.

ज्या इंग्रजांनी ही शिक्षा दिली, त्यांच्या स्वतःच्या इतिहासात एक शिपाईगडी होऊन गेला. त्याची कथा आम्ही बी.एड.च्या दिवसांत वाचली होती, ती या चौकात हमखास आठवते. जॉर्ज मंक त्याचे नाव. १६०८ साली डेव्हन परगण्यात जन्मला, कर्जाने वाकलेल्या जमीनदाराचा धाकटा मुलगा. धाकट्या मुलाच्या वाट्याला जमीन नाही, म्हणून तलवार. यादवी सुरू झाली तेव्हा तो राजा पहिल्या चार्ल्सच्या बाजूने लढला. १६४४ साली पकडला गेला आणि लंडनच्या टॉवरमध्ये दोनएक वर्षे कैदेत पडला. बाहेर आला तो पार्लमेंटची चाकरी पत्करून. १६४९ साली राजाचे मुंडके उडवले गेले, आणि पुढच्याच वर्षी मंक क्रॉमवेलच्या झेंड्याखाली स्कॉटलंडात लढत होता. १६५८ साली क्रॉमवेल वारला, त्याच्या मुलाला गादी पेलली नाही, पगार थकलेल्या पलटणी आपापसात दात दाखवू लागल्या. अशा वेळी स्कॉटलंडातला हा सेनापती १६६० च्या पहिल्या जानेवारीला सरहद्दीवरून निघाला आणि फेब्रुवारीत लंडनला पोचला. आपण कोणाच्या बाजूचे, हे त्याने शेवटपर्यंत कोणाला नीट कळू दिले नाही. मे महिन्यात मारलेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स डोव्हरला बोटीतून उतरला, तेव्हा त्याच्या स्वागताला मंक हजर होता. जुलैत तो ड्यूक ऑफ अल्बमार्ल झाला. वर्षाला ७,००० पौंडांचे उत्पन्न, शिवाय साऱ्या फौजेचे सेनापतिपद.

तीन धन्यांचे मीठ खाल्लेला माणूस, आणि त्याला कोणी चबुतऱ्यावर चढवले नाही. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरले, राजेरजवाड्यांच्या शेजारी. फरक कशात पडला? मंकचा राजा गादीवर टिकला; मेरठवाल्यांचा बादशहा रंगूनला कैदेत गेला आणि १८६२ साली तिथेच वारला. निष्ठेचा निकाल निष्ठेकडे पाहून लागत नाही, शेवटी कोण उरले त्यावर लागतो. आम्हाला हे मान्य करायला जड जाते, पण इतिहास शिकवताना दुसरे काही दाखवता येत नाही.

तरी मंकबद्दल एवढ्यावर थांबलो तर अन्याय होईल. त्याने राजा आणला तो जवळजवळ रक्ताविना आणला. वीस वर्षे भाऊ भावाला मारत होता, ते थांबले. दुसरी बाजूही आहे. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडातल्या अर्गाइलच्या उमरावावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा त्या उमरावाने जुन्या राजवटीत मंकलाच लिहिलेली खासगी पत्रे मंकने कोर्टाकडे धाडली. त्या पत्रांवर अर्गाइलचे डोके गेले. ज्या सरकारची चाकरी दोघांनी केली, त्या चाकरीबद्दल एकाला सरदारकी आणि दुसऱ्याला कुऱ्हाड. एवढे करूनही दरबाराने मंकला आपला म्हटले का? त्याची बायको घोड्यांना नाल ठोकणाऱ्याची मुलगी. उमरावांच्या बायका, कारकून मंडळी तिच्या बोलण्या-वागण्याची टवाळी करीत राहिली. नवरा ड्यूक झाला, ती नालबंदाची पोरच राहिली.

इथवर वाचून वाचक म्हणतील, लंडनचे पुराण आम्हाला कशाला? सांगतो. असाच एक शिपाई आमच्या शहराचा निर्माता आहे, आणि त्याची गोष्ट मंकच्या आधी साठ वर्षे घडली.

मलिक अंबर १५४८ च्या सुमारास हबशी मुलखात, आजच्या इथिओपियात, जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, मग बगदाद. तिथल्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवले, अंबर हे नाव दिले. तिथून तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम, आणि त्याच्या पदरी असे हजार हबशी होते. तो मेल्यावर त्याच्या बेवेने अंबरला आझाद केले. पुढची वीसएक वर्षे अंबर भाड्याचा शिपाई होता, काही काळ विजापूरकरांकडे. 'मलिक' हा किताब तिथलाच. १५९५ च्या सुमारास तो १५० स्वार घेऊन अहमदनगरच्या चाकरीत परत आला.

१६०० साली अहमदनगर पडले. चांदबीबीला तिच्याच माणसांनी फितुरीच्या संशयावरून मारले. पुन्हा तोच शब्द, नमकहराम, आणि तोही त्या बाईला. लहानगा राजा बहादूर निजामशहा कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. मोगलांच्या लेखी सल्तनत संपली. तेव्हा अंबरने विजापुरातून राजघराण्यातला एक तरुण शोधून आणला, परांड्याला त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून तख्तावर बसवले, त्याला आपली मुलगी दिली, आणि स्वतः पेशवा झाला. पन्नाशी ओलांडलेला एकेकाळचा गुलाम सुलतानाचा सासरा झाला. ही दख्खनची पुनर्स्थापना.

इतिहासाच्या तासाला हे सांगत होतो, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, तलवार उनके पास थी ना? तो खुद क्यों नहीं बैठे?"

या प्रश्नाचे परीक्षेतले उत्तर सोपे आहे : तो स्वामिनिष्ठ होता. आपल्याकडच्या बहुतेक लेखांतही हेच असते. पण निष्ठा कोणाशी? ज्या राजाचे मीठ, तो तर ग्वाल्हेरला जिवंत होता. त्याला सोडवायला अंबर गेला नाही. त्याने दुसरा आणला. म्हणजे निष्ठा माणसाशी नव्हती, घराण्याच्या नावाशी होती. आणि नाव का हवे होते? कारण अंबर एकटा नव्हता. राजू दखनी नावाचा दुसरा सरदार तितकाच जोरदार होता. अंबर स्वतः बसता तर राजूने विचारले असते, तू बसतोस तर मी का नाही? मराठे देशमुख, हबशी, दखनी, सगळ्यांनी हेच विचारले असते. निजामशहा हे नाव कोणाच्याच मालकीचे नव्हते, म्हणून सगळ्यांना त्याच्या छत्राखाली उभे राहता येत होते. ते छत्र कागदाचे होते, हे सगळ्यांना ठाऊक असावे. पण पावसात कागदाचे छत्र सुद्धा सगळ्यांनी मिळून धरले तर काही काळ टिकते. त्या छत्राखाली अंबरने पंचवीस वर्षे मोगलांना रोखले. जमिनीची पाहणी करून धारा ठरवला. १६१० साली खडकी वसवली, डोंगरातले पाणी नहर-ए-अंबरीने शहरात आणले. १६२४ साली भातवडीला मोगल आणि विजापूरकर यांच्या एकवटलेल्या फौजेचा पाडाव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. अंबर जहांगीरच्या हाती कधी लागला नाही. त्या बादशहाने स्वतःचे एक चित्र काढून घेतले, त्यात तो भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. हिंदुस्थानचा बादशहा चित्रात बाण मारून समाधान मानतो, यातच अंबरचे माप आले.

आता ज्या घराण्याच्या नावापुढे हा माणूस झुकला, त्या घराण्याचे मूळ पाहा. फरिश्त्याने ते लिहून ठेवले आहे. निजामशाहीचा संस्थापक अहमद, १४९० चा. त्याचा बाप मलिक हसन. हा मलिक हसन म्हणजे आमच्या मराठवाड्यातल्या पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला पोरगा, लढाईत पकडला गेलेला, बहामनी सुलतानाच्या गुलामांत वाढलेला. म्हणजे एका गुलामाच्या पोरांना राजरक्त व्हायला काय लागले? तर १०० वर्षे आणि विसरणारी माणसे. त्यातला कोणी अंबरला गुलाम म्हणू लागला तर हसावे की रडावे?

आणि म्हटलेच. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके १६१७ साली खडकीला येऊन अंबरला भेटला होता, त्याने लिहिलेली ही हकीकत आहे. मुर्तजाच्या जनान्यात एक गोरी इराणी बेगमही होती. १६१० साली दोघींत भांडण झाले आणि ती अंबरच्या मुलीला म्हणाली की तू साधी गुलाम पोर, रखेल. तुझ्या बापालाही तिने नावे ठेवली. मुलीने बापाला कळवले. बापाने सुलतानाला आणि त्या बेगमेला विष घालवले. मग पाच वर्षांच्या पोराला तख्तावर बसवले आणि पेशवा पेशवाच राहिला.

आम्ही अंबरचे वकीलपत्र घेतलेले नाही. आपल्या लोकांची एक खोड आहे; आपला म्हणून कोणी मोठा माणूस सापडला की त्याला आपण असा धुऊन पुसून ठेवतो की तो माणूसच राहत नाही. ज्याला आपल्या हाताने तख्तावर बसवले, ज्याला मुलगी दिली, त्याला विष देणे ही नमकहरामीच आहे. त्याला दुसरे नाव देता येत नाही. शिवी बेगमेने दिली होती, मुर्तजाने दिल्याचे ब्रुकेही सांगत नाही.

पण आमच्या मनात घोळते ते वेगळेच. बेगमेने अंबरला मारले ते कोणत्या तराजूने? खानदानाच्या. आणि तो तराजू परांड्याला कोणी उचलून धरला होता? खुद्द अंबरनेच. जन्माने काही ठरत नाही, याचा त्याच्याहून मोठा पुरावा साऱ्या दख्खनमध्ये नव्हता. तो चालताबोलता पुरावा. आणि त्याच माणसाने सगळ्या मुलखाला दाखवून दिले की अक्कल, तलवार, कष्ट माझे असतील, तरी तख्तावर बसायला जन्मच लागतो. छत्र टिकवायला हे करणे भाग होते, हे आम्ही वर मान्य केले आहे. त्याची किंमत दहा वर्षांनी त्याच्या लेकीकडून वसूल झाली. मंकच्या बायकोकडून झाली तशीच. जो उसन्या रक्ताने मोठा होतो, त्याला ती उधारी कोणीतरी घरात येऊन मागते.

या बाबतीत आपला दीन काय सांगतो, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही शिकवायला नको. हजरत बिलाल (रजि.) हबशी गुलाम होते आणि मक्का जिंकल्यावर काबेवरून अजान त्यांनी दिली. हजरत जैद (रजि.) आझाद केलेले गुलाम, त्यांना मूताच्या फौजेचे सेनापती केले गेले. पुढे त्यांचे तरुण पुत्र उसामा (रजि.) यांना फौज दिली तेव्हा लोक कुरकुरले, आणि प्रेषित मुहंमद (स.) यांनी आजारपणातही लोकांना सांगितले की तुम्ही याच्या बापाबद्दलही असेच कुरकुरला होता. म्हणजे तेव्हाही कुरकुर होतीच. ती आजवर थांबलेली नाही.

आमच्या शाळेत दाखिल-खारिज रजिस्टर आहे. त्याच्या जातीच्या रकान्यात साऱ्या समाजाचे पोट उघडे पडते. एक पालक येतात, पोराच्या नावामागे 'शेख' लावलेले बदलून 'सय्यद' करा म्हणतात, कारण बहिणीचे रिश्ते बघायचे आहेत. दुसरे येतात, घरी सात पिढ्या पठाण म्हणवतात, इथे हळूच सांगतात, रकान्यात पिंजारी लिहा, सवलतीचा दाखला काढायचा आहे. आम्ही दोघांनाही कागद मागतो, दुसरे करणार काय? पिंजारी म्हणवून घेण्यात लाज नसावी आणि दाखला हा हक्क आहे, त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की तहसीलमध्ये एक जात आणि निकाहाच्या मंडपात दुसरी, हे सांभाळताना माणसाची फार ओढाताण होते. आणि रिश्त्याच्या वेळी 'कुफू' हा शब्द काढून जे बोलले जाते, 'लोग अच्छे हैं, मगर...', त्या मगरमध्ये मुर्तजाची बेगम बसलेली असते. आम्ही स्वतः त्या बैठकांत गप्प बसलेलो आहोत. एका घरी तर आमच्याच नात्यातल्या मुलीबद्दल असे बोलले गेले आणि आम्ही चहाचा कप खाली ठेवला नाही.

अंबर १६२६ साली वारला आणि खुलताबादला, आपल्या बोलीत खुल्दाबादला, त्याला दफन केले. जवळच त्याच्या बीबी करीमाचा मकबरा. जहांगीरच्या दरबारच्या मोतमदखानाने सुद्धा तेव्हा लिहून ठेवले की अशा मोठेपणाला पोचलेला दुसरा हबशी गुलाम इतिहासात सापडत नाही. मेल्यावर स्तुती स्वस्त पडते. मुलगा फत्तेखान याने शहराला आपल्या नावावरून फत्तेनगर केले. पुढे त्याने आपल्या निजामशहाला मारले, आणखी एक लहान मूल तख्तावर बसवले, आणि १६३३ साली दौलताबादचा किल्ला त्या मुलासकट मोगलांच्या हवाली केला. ते मूलही ग्वाल्हेरला गेले. बापाकडून त्याने राजे बसवण्या-उठवण्याचे कसब घेतले. ते कशासाठी करायचे, हे घेतले नाही. मंकच्या घरचेही तसेच, त्याचा एकुलता मुलगा १६८८ साली निपुत्रिक वारला आणि ड्यूकपद तिथेच विझले.

फत्तेखानानंतर तोच प्रयोग शहाजीराजांनी केला. १६३३ साली पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही घराण्यातले एक मूल मांडीवर घेऊन त्यांनी तीन वर्षे शहाजहानशी झुंज दिली. १६३६ साली माहुलीच्या किल्ल्यात ते मूल मोगलांकडे सोपवावे लागले. दख्खनमध्ये दुसऱ्याच्या नावाचे छत्र धरण्याचा तो शेवटचा मोठा प्रयत्न. त्यांच्या मुलाने १६७४ साली रायगडावर छत्र धरले ते स्वतःच्या डोक्यावर. त्यांनाही जन्म विचारला गेला, वंशावळ दाखवावी लागली, काशीहून गागाभट्ट यावे लागले. पण बसले ते स्वतः. क्रांती चौकातल्या पुतळ्याखालून जाताना आम्हाला नेहमी वाटते की तीन पिढ्यांची ही ओळ, अंबर, शहाजीराजे, शिवाजी महाराज, एकत्र शिकवली पाहिजे. पुस्तकात ती वेगवेगळ्या धड्यांत तुटलेली असते.

त्या शहराची नावेही बदलत गेली. खडकी, फत्तेनगर, १६५३ नंतर औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावांवरून भांडायला हाच चौक असतो. भडकल दरवाजा मात्र अंबरने बांधला तिथेच उभा आहे.

आठवीच्या त्या वर्गात आम्ही विषाची हकीकत सांगावी की नाही, याचा विचार केला होता. मुले लहान आहेत. पण अर्धी गोष्ट सांगून मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणे आम्हाला जमेना. सांगितली. बेगमेची शिवी सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची पोरे चिडली, सुलतानाला विष दिले हे ऐकून त्यांतल्या एकाने बाकावर मूठ आपटली, "बराबर किया!" शेजारचे दोघे हसले.

ज्याने प्रश्न विचारला होता तो मुलगा हसला नाही. तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मगर सर, फिर तो उनकी बेटी बेवा हो गई ना?"

आम्ही हो म्हणालो. तास संपायला अजून दहा मिनिटे होती.